आजीच्या गाडीचा बाण

२ मार्च

विसराळूबाई,

तुला एक आजी आहे. मोटरसायकल चालवते, कात्र्या-सुऱ्यांना धार लावते, तोंडातले दात तुझ्या बापाने बनवलेले आहेत. आठवली का? नसेल आठवत तर मागच्या खेपेला इथे विसरून गेलेली तुझी छत्री, एक मोजा आणि अर्धं वाचलेलं पुस्तक खुंटीला टांगून ठेवलंय, त्यांना विचार. ती तिघं मला रोज ओळखतात.

हे पत्र शिंपीणकाकू लिहितेय. एका पत्राला एका मोठ्या कात्रीची धार, हा आमचा जुना करार. मी बोलते, ती लिहिते आणि मधेमधे नाक खुपसते. (खुपसत नाही. आजी फार भराभर बोलतात, एवढंच. – शिंपीण) बघ, खुपसलं.

आता कामाचं. तुझ्या बापाने माझी गाडी विकायला काढलीय. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय, नळ जोडणारा कुणी आहे. पुढच्या महिन्याच्या शेवटी येऊन घेऊन जाणार म्हणे. कारण काय, तर मी हरवले.

हरवले कशी, ते माझ्या तोंडून ऐक. एकोणतीस वर्षं मी त्या रस्त्याने जातेय. निळी पाण्याची टाकी आली की डावीकडे. टायरांचा ढीग आला की उजवीकडे. तीन खोडांच्या झाडाखाली गाडी लावून पाणी प्यायचं, मग पुढे खाणावळीच्या सुऱ्या. दहा दिवसांपूर्वी गेले, तर टाकी नाही, टायर नाहीत, झाडही नाही. सगळं खरवडून तिथे हा एवढा रुंद रस्ता. मधोमध गोल चौक, त्याला पाच तोंडं, पाचही धुऊन पुसून ठेवल्यासारखी सारखी. प्रत्येक तोंडाशी भली मोठी हिरवी पाटी. ज्यांना अक्षरं येतात त्यांची सोय झाली. माझ्यासाठी तो हिरवा पत्रा. मी चौकाला चार फेऱ्या मारल्या, त्यातल्या त्यात ओळखीचं वाटलं ते तोंड धरलं, आणि पेट्रोल संपलं तेव्हा घरापासून चाळीस किलोमीटर लांब होते. गाडी ढकलत पंपावर नेली आणि बाकावर बसले. पंपवाल्याने तुझ्या बापाला फोन केला.

तो आला, आणि तेव्हापासून माझ्याशी पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसं बोलतो. म्हणे पंपावर मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघीन कशाला? आधी हाक तरी मारायची. शेगडी बंद केली का, म्हणून दिवसातून तीनदा विचारतो. कपाटांवर चिठ्ठ्या लावल्यात, कशात काय आहे त्याच्या. मला वाचता येत नाही हे विसरला तो, आणि विसरभोळी कोण, तर मी! रस्त्याने स्वतःच्या खुणा पुसल्या आणि विसरल्याचा आळ माझ्यावर.

म्हणून लिहितेय. गाडीच्या हँडलला लावायचं वाट दाखवणारं यंत्र असतं ना, जीपीएस, ते मला पाहिजे. स्वस्तातलं. एका नव्या धारेच्या चाकाला जेवढे पडतात, त्याच्यावर एक पैसा जाणार नाही. तू दिवसभर गाडीवरून चष्म्याच्या काचा दुकानोदुकानी पोचवतेस, तुला यातलं कळतं. निवडून दे. गाडी मी देणार नाही. तुझ्या बापाने मला दात दिले, म्हणून मी कुणाला चावायचं तेही तोच ठरवणार का?

उत्तर शिंपीणकाकूच्या दुकानावर पाठव. घरी नको. घरी आलं की तुझा बाप वाचून दाखवणार. परत सांगते, दुकानावर. विसरशील म्हणून दोनदा लिहून घेतलंय.

आणि ती आलं घातलेली बिस्किटं पाठव. कडकवाली. मऊ आली तर परत पाठवीन.

(खालची कात्री आजींनी स्वतः काढलीय, सही म्हणून. – शिंपीण)


१० मार्च

प्रिय आजी,

छत्री माझी नाहीच. मोजा माझा आहे. आणि हे बघ, पत्र काकूंच्या दुकानावरच पाठवलंय.

फोनवर पाच मिनिटांत बोलून झालं असतं गं. पण तुला फोन आवडत नाही, तर लिहिते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे साधा फोनच हँडलला बांधायचा. मी तो उद्योग करून चुकलेय. इंजिनाच्या थरथरीने माझ्या फोनचा कॅमेरा कायमचा गेला. उन्हात पडदा दिसत नाही, पावसात एक थेंब पडला की भलतंच काहीतरी उघडतं, आणि हातमोजे घातले की फोन आपल्याला ओळखतच नाही. मोटारीत लावतात ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, पण त्यांना डोक्यावर छप्पर लागतं. भिजली की मेली. खास मोटरसायकलसाठी बनवलेलं यंत्र माझ्या कारखानदार गिऱ्हाइकाकडे आहे. ऊन, पाऊस, हातमोजे, सगळं चालतं. किंमत विचारली. आजी, तेवढ्यात तुझी सहा चाकं येतील आणि वर एक शिंपीणकाकू.

पण मग सुचलं! सिग्नलला उभी होते, तिथेच एकटी ओरडले. तुला वाचता येत नाही, बरोबर? मग बोलणारं घ्यायचं. हेल्मेटच्या आत छोटा स्पीकर बसतो आणि एक बाई सांगते, "पुढच्या चौकात तिसऱ्या तोंडातून बाहेर पडा." पाटी गेली खड्ड्यात. तुझ्या चाकाहून थोडं महाग पडेल, वरचे मी घालते. हो म्हण, लगेच घेते.

बाबांवर फार चिडू नकोस. त्या दिवसापासून फोनवर त्यांचा आवाज वेगळाच येतो.

तुझी,
(विसराळू नसलेली) नात


१७ मार्च

विसराळूबाई,

बिस्किटं? पाकीट उलटं करून झटकलं, काकूने शिवणयंत्राखालीही बघितलं. फक्त कागद निघाला.

ती बोलणारी बाई मला नको. का नको, ते सांगते. शिंपीणकाकू हे आत्ताच ऐकतेय, तिच्या हातातली लेखणी बघ कशी थांबलीय. मला ऐकू येत नाही. उजवा कान पार गेला. डावा शांत खोलीत चालतो, बोलणाऱ्याचं तोंड समोर असलं तर. गाडीवर बसले की दोन्ही बंद. एकोणतीस वर्षं चाकाशी डोकं लावून बसले, दुसरं काय होणार? फोन मला आवडत नाही असं सात वर्षं सांगतेय, ते तुम्ही सगळ्यांनी गुपचूप मान्य केलंत. फोनवर मला एवढंच ऐकू येतं, की लांब कुठेतरी कुणीतरी सुरीला धार लावतंय.

(मी इतकी वर्षं समजत होते की आजी मला मुद्दाम उत्तर देत नाहीत. – शिंपीण) कधीकधी मुद्दामच देत नव्हते.

हे तुझ्या बापाला कळता कामा नये. गाडी त्याच दिवशी जाईल. तू म्हणशील, ऐकू येत नाही तर चालवतेस कशी? डोळ्यांनी. दोन्ही बाजूंना ताटलीएवढे आरसे लावलेत आणि मान माझी घुबडासारखी फिरत असते. कानात गाणी कोंबून गाड्या चालवणारे धडधाकट मी रोज बघते. त्यांच्या गाड्या कुणी विकायला काढत नाही.

तर आता नीट निवड. वाचावं लागणार नाही. ऐकावं लागणार नाही. चामड्याच्या हातमोज्यात सापडतील अशी जाडी बटणं पाहिजेत. लोखंडाची धूळ खाऊन जगलं पाहिजे. आणि मला रस्ते शिकवणारं काही नको. इथली जमीन मला पाठ आहे. कालवा कुठे, चढ कुठे, कुत्रा कुणाचा चावतो, सगळं. फक्त त्या पाच तोंडांच्या मधोमध उभी असताना "तिकडे" म्हणून कुणीतरी बोट दाखवायला पाहिजे. एवढंच. एक बोट. त्याला कितीसे पैसे पडणार?

बिस्किटं. आलं दिसलं पाहिजे आणि चावताना शेजारच्या खोलीत आवाज गेला पाहिजे. मला नाही, त्यांना.

(ताजा कलम: नवा रस्ता माझं दुकानही खातोय. पुढच्या आठवड्यात कालव्यापलीकडे जाते. नवा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. हरवू नकोस, बाळ. – शिंपीण)


२५ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. जे पोटात ठेवायला सांगितलंस ते पोटात आहे. इथे लिहीत नाही.

आधी कबुली. काकूंच्या नव्या पत्त्याची चिठ्ठी मी इतक्या जपून ठेवली की मलाच सापडत नाही. म्हणून हे पाकीट घरी पाठवतेय. टपाल दुपारी येतं आणि दुपारी बाबा दातांच्या कामावर असतात, तेव्हा काकूंना गाठून त्यांच्याकडूनच वाचून घे.

आता ऐक. बोट मिळालं! जुन्या वस्तूंच्या दुकानात, एका टोपलीत, तुटक्या विजेऱ्यांच्या खाली पडलं होतं. डोंगरात चालणारे वापरतात तसलं, मुठीत मावेल एवढं, काळं-पांढरं. त्याला नकाशा नाही, आवाज नाही, रस्ते तर माहीतच नाहीत. एखाद्या जागी उभं राहून लाल बटण दाबलं की ती जागा त्याच्या लक्षात राहते. मग कुठूनही हिरवं बटण दाब, त्या जागेकडे एक जाडजूड बाण दाखवतं आणि किती किलोमीटर उरलं तो आकडा. आकडे तुला येतातच. जागांना नावं द्यायची सक्ती नाही, चित्रं आहेत. मासा, तंबू, कप, घंटा, घर, चांदणी, कवटी, अशी वीसेक. कवटी त्या घासाघीस करणाऱ्या न्हाव्याला दे.

दुकानदार म्हणाला, "ताई, हे कुणी घेत नाही. बाण आपला सरळ दाखवतो, मधे भिंत असो की तळं. वाट तुमची तुम्ही शोधायची." मी म्हटलं, बांधा. तुझ्या अर्ध्या चाकाच्या किमतीत आलं, हँडलच्या पकडीसकट. आत साधे सेल चालतात, शिवाय वायर मी गाडीच्या बॅटरीला जोडता येईल अशी करून घेतलीय. तीन दिवस माझ्या गाडीवर लावून फिरले, पावसात भिजवलं, दोनदा पाडलं, एकदा मुद्दाम. जिवंत आहे.

हो म्हण, की पाठवते.

तुझी नात


२ एप्रिल

चि. मुलीस,

आईच्या सांगण्यावरून हे पत्र मी लिहीत आहे. तुझे पत्र आले तेव्हा मी घरी होतो, तिला वाचून दाखवले. तिचे म्हणणे पुढीलप्रमाणे:

"मी बरी आहे. तुझ्या पत्राचा विचार केला. आता वय झाले. नवे यंत्र शिकण्याचा उत्साह राहिला नाही. गाडी विकण्यास माझी हरकत नाही. तरी तू यंत्र पाठवू नये व विनाकारण खर्च करू नये. कामावर वेळेत जावे. प्रकृतीस जपावे."

आईने खाली कात्री काढली आहे.

– बाबा


७ एप्रिल

शिंपीणकाकू,

तुमची चिठ्ठी सापडली. हेल्मेटच्या अस्तरात ठेवली होती, हरवू नये म्हणून.

बाबांच्या अक्षरातलं एक पत्र आलंय, आजीच्या नावाने. सोबत पाठवते, वाचा. त्यात आजी मला विसराळू म्हणत नाही. बिस्किटं मागत नाही. आणि "प्रकृतीस जपावे"! मी तापाने फणफणले होते तेव्हा आजी म्हणाली होती, "मरत नाहीस ना? मग ऊठ आणि तोंड धू." काकू, हे पत्र तिचं नाही. पण खालची कात्री तिचीच आहे, तो वाकडा दांडा दुसऱ्या कुणाला जमणार नाही. म्हणजे ती बोलली एक, बाबांनी लिहिलं दुसरं, आणि वाचून दाखवताना पुन्हा तिचं पहिलंच म्हणून दाखवलं असणार. तिने विश्वासाने सही केली. चूक माझी आहे, घरच्या पत्त्यावर पत्र मीच टाकलं.

आता मी घरी काहीही लिहिलं तरी ते बाबाच वाचणार. म्हणून जे वाचावं लागत नाही ते पाठवतेय. यंत्र आजच घरी रवाना केलंय. त्याच्या पोटात तुमच्या नव्या दुकानाची जागा चांदणी म्हणून घालून ठेवलीय; पत्त्यावरून फोनच्या नकाशात जागेचे आकडे काढले आणि हाताने भरले, तसंही चालतं. ती जागा आजीने कधी बघितलेली नाही ना? उत्तम. दारात उभी दिसली की हे खरं-खोटं सगळं तिला वाचून दाखवा. शांत खोलीत, समोर बसून.

तुमची,
आजीची नात


७ एप्रिल

प्रिय आजी, प्रिय बाबा,

आजी, तुझं म्हणणं पटलं. पण यंत्र दुकानदार परत घेत नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवते. खेळणं समज. हिरवं बटण दाबलं की चांदणी दिसते. चांदणीकडे नुसतं बघत बसायचं नसतं, एवढं लक्षात ठेव.

प्रकृतीस जपावे.

तुझी नात


१४ एप्रिल

विसराळूबाई,

घरच्या पत्त्यावर पत्र टाकणारी मुलगी माझ्या वंशात कशी निपजली, याचा मी तीन किलोमीटर विचार करत आले.

हो, चालत. गाडीची किल्ली तुझ्या बापाच्या खिशात आहे. तुझं ते काळं यंत्र आलं, त्याने पत्र वाचून दाखवलं, मी म्हटलं, "प्रकृतीस जपावे? ही कुणाची भाषा?" तुझा बाप एकदम चष्मा पुसायला लागला. तेव्हाच काहीतरी शिजलंय हे कळलं. "चांदणीकडे नुसतं बघत बसायचं नसतं," तू म्हणालीस. मग काय करायचं असतं? चालायचं असतं. तो कामावर गेला, मी चपला घातल्या, यंत्र हातात धरलं आणि निघाले.

पहिल्या कोपऱ्यावर बाण थेट एका भिंतीत घुसला. मी भिंतीला वळसा घातला, तो पुन्हा सरळ झाला. मग कालव्यात घुसला. मी म्हटलं, तू दाखव कुठे, कसं ते माझ्यावर सोड. पूल मला ठाऊक होता. आकडा कमी होत गेला. शून्यावर आला तेव्हा समोर एक नवाकोरा दरवाजा होता, आणि आत शिंपीणकाकू तोंडात टाचण्या धरून बसली होती. मला बघून तिने अर्ध्या गिळल्याच. (एकही नाही गिळली. – शिंपीण)

तिने मला सगळं वाचून दाखवलं. तुझ्या बापाचं पत्रही. मी त्याला सांगितलं होतं ते असं: "विसराळूबाईला लिही, यंत्र पाठव, नाहीतर मी स्वतः येऊन घेऊन जाईन." आणि त्याने ते तसंच्या तसं वाचून दाखवलं होतं, शब्दही न चुकता, कागदावर बोट फिरवत फिरवत. काय अभिनय!

राग आला का विचारशील. आला. पण मी काकूला म्हटलं, हे बघ, सत्तर वर्षांत मला आलेलं प्रत्येक पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. नवऱ्याची ऐकली, तीही टपालवाल्याच्या तोंडून, लाजून अर्धमेली होत. आज पहिल्यांदा मला एक पत्र आलं, ते मी माझं मी वाचलं आणि जिथे बोलावलं तिथे आले. तो बाण म्हणजे तुझं अक्षर. आता मला कोण थांबवतो बघू.

काकूच्या सगळ्या कात्र्या आज हातदगडावरच घासून दिल्या. ती म्हणते, पत्र फुकट. मी म्हटलं, करार म्हणजे करार.

घरी जाते. तुझ्या बापाशी बोलायचंय. बिस्किटं आली नाहीत हे विसरलेले नाही. दोन डबे झाले आता.


२७ एप्रिल

विसराळूबाई,

हे अक्षर बघून दचकू नकोस. लिहितोय तुझाच बाप, पण या वेळी मी बोलते तेच लिहितोय. खात्रीसाठी शिंपीणकाकू त्याच्या खांद्यामागे उभी आहे, हातात मोठी कात्री घेऊन. धार मीच लावलेली आहे, त्यामुळे त्याला कल्पना आहे.

पहिलं वाक्य मी त्याला असं सांगितलं: "लिही, मी माझ्या आईच्या नावाने खोटं पत्र लिहिलं." हात थांबला. मी म्हटलं, "शाई संपली का?" (लिहिलं. मी माझ्या आईच्या नावाने खोटं पत्र लिहिलं. – बाबा) काकूने वाचून खात्री केली. पुढे.

त्या दिवशी घरी आले आणि त्याला म्हटलं, "माझी चौदा गिऱ्हाइकं आहेत. आधी या यंत्राला ती शिकवते, तू मला एक दिवस किल्ली दे. मग एका दिवसात चौदाही करून दाखवते, तू मागे बसायचं. एक जरी चुकलं, तर नळवाल्याला गाडी मी स्वतः पुसून देईन. नाही चुकलं, तर किल्ली माझ्या गळ्यात आणि चिठ्ठ्या सगळ्या कपाटांवरून खाली."

तो म्हणाला, "आई, हट्ट करू नकोस."

मी म्हटलं, "मग कुणी करायचा?"

शिकवण्याच्या दिवशी शिंपीणकाकूला मागे घेतलं. जुन्या वाटांनी, विचारत विचारत, प्रत्येक दारात लाल बटण. न्हाव्याला कवटी दिली. खाणावळीला कप. रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला मासा, कारण तिथला मुख्य आचारी तसाच दिसतो. आणि मग गुरुवारी परीक्षा. धारेचं चाक नेहमी मागे बांधलेलं असतं. तिथे तुझा बाप बसला, म्हणून चाक त्याच्या मांडीवर. एवढा मोठा दातांचा कारागीर, दगड कवटाळून बसलेला. रस्त्यात सगळे बघत होते. (बघत होते. – बाबा)

त्या गोल चौकात पोचलो. पाच तोंडं, पाच हिरवे पत्रे. तुझ्या बापाने फोनवर नकाशा काढला होता. मागून काहीतरी ओरडत होता, काय ते देव जाणे. मी बाणाकडे बघितलं. बाण दोन तोंडांच्या बरोबर मधे रोखलेला. आता? मी एक फेरी मारली. एका तोंडाकडे जमीन उतरत होती, म्हणजे कालवा तिकडे, आणि कप कालव्याच्या अलीकडे. दुसरं तोंड धरलं. दोन किलोमीटरवर खाणावळ. आचारी सुऱ्या घेऊन बाहेरच आला, "आजी, दोन महिने टोमॅटो ठेचून खातोय आम्ही!" तुझा बाप उतरला आणि म्हणाला, "मी सांगत होतो तो रस्ता भलतीकडेच गेला असता. नकाशा जुना आहे." मी म्हटलं, "तू सांगत होतास?" कान गेल्याचा इतका फायदा मला आयुष्यात झाला नव्हता. वाटेत एक ट्रक मागून अंगावर आला. मी आरशात बघून बाजूला झाले, तेव्हा कुठे ह्याला भोंगा ऐकू आला.

नववं गिऱ्हाईक पुस्तकं बांधणारा. गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागच्या चाकाचा पट्टा धारेच्या चाकाला जोडला, त्याची कागद कापायची लांब सुरी घासली, इंजिन बंद केलं. सगळं शांत. मी पायरीवर बसून दोऱ्यावर धार तपासत होते. मान वर केली, तर तुझा बाप समोर उभा. हातात पाण्याची बाटली आणि चेहरा पांढराफटक.

म्हणाला, "आई, मी मागून तीनदा हाक मारली."

मी म्हटलं, "मग?"

"त्या दिवशी पंपावरसुद्धा तीनदाच मारली होती. तू वळली नाहीस. मला वाटलं... मला वाटलं, तू मला ओळखत नाहीस."

बघ कसा असतो माणूस. दोन महिने ते एकटाच उराशी घेऊन फिरला. शेगडी, चिठ्ठ्या, किल्ली, ते खोटं पत्र, सगळं त्या तीन हाकांमधून निघालेलं. आणि मी ठणठणीत, फक्त बहिरी, आणि तेच लपवून बसलेली! मग सांगितलं. उजवा कान गेलाय, डावा घरापुरता आहे. तो पायरीवर खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला. पुस्तकवाल्याला वाटलं धार बिघडली. त्याने घाबरून स्वतःच सुरी तपासली.

"पण मग गाडी..." तो परत सुरू झाला. मी म्हटलं, "पाच गिऱ्हाइकं राहिलीत. चाक उचल."

चौदाही झाली. कवटीने नेहमीसारखी घासाघीस केली. नळवाल्याला तुझ्या बापाने स्वतः फोन करून नाही सांगितलं, माझ्यासमोर, तोंड माझ्याकडे करून, म्हणजे मला ओठ दिसावेत. किल्ली गळ्यात आहे. कान तपासायला मी कबूल झालेय, पण डॉक्टर मी निवडणार. ज्याच्या कात्र्या बोथट असतील त्याच्याकडे जाणार, म्हणजे निदान एकाचं तरी काम होईल.

आता शेवटचं, आणि म्हणूनच तुला सुरुवातीला विसराळू म्हटलं. चौदा माझी, पंधरावी चांदणी काकूची. पण यंत्रात सोळा जागा निघाल्या. सोळावं एक घर आहे. मी कुणालाच घर दिलेलं नाही. बटण दाबलं, तर बाण गावाबाहेर रोखला आणि आकडा आला एकशे अठरा. काकूने तुझ्या पाकिटावरचा पत्ता वाचला, तुझ्या बापाने अंतर मोजलं. तुझं दार. यंत्र तपासायला पहिलं बटण तू स्वतःच्या दारात दाबलंस आणि पुसायला विसरलीस.

या एका विसरण्याबद्दल तुला सगळं माफ. छत्रीसकट.

येत्या रविवारी सकाळी निघते. मधे डोंगर असेल, नदी असेल, जे असेल ते. कुठे ते बाण दाखवतो, कसं ते मी बघते. (मीही येतोय. मागे बसून. – बाबा) त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण येऊ दे. चाक धरायला कुणीतरी लागतंच.

आणि हो, आलं घातलेली बिस्किटं आता टपालाने पाठवू नकोस. आता तीन डबे झाले, तिन्ही भरून दारात ठेव. आलं मोजू नकोस, आणि दगडासारखी कडक आण. दातांचा कारागीर सोबतच आहे, तुटले तर तिथेच बसवून घेईन.